४४०००१ ला २७ ने भाग जात नाही

नागपूर जीपीओचा पिनकोड ४४०००१, अंकांची बेरीज ९, म्हणून २७ नेही भाग जाईल असा दावा वाचला. गफलत इथेच आहे. बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच, कारण १० ला त्यांनी भागलं की बाकी १ उरते; २७ ने भागलं तर १०च उरतात. करून बघा: २७ × १६२९६ = ४३९९९२, बाकी ९.

९ ने भागल्यावर येतात ४८८८९. वर्गमूळ २२१ च्या जरा पुढे, म्हणून २११ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. ७ आणि ९७ तर बाकी १ ठेवून हुलकावणी देतात! एकानेही भाग जात नाही, म्हणजे ही मूळ संख्याच. ४ ने भागून बाकी १ उरणारी मूळ संख्या नेहमीच दोन वर्गांची बेरीज असते, आणि हीही तशीच: २०८² + ७५². दोन्ही आकडे तिप्पट केले की ६२४² + २२५² = ४४०००१. दुसरी जोडी शोधत बसू नका, ती नाहीच.