अँटिओक सोडून गेलेला स्टीफन आणि इंग्लंडचा राजा स्टीफन एकच का?

चिटणीस:
पहिल्या धर्मयुद्धावर (जेरुसलेमसाठीची ख्रिश्चन फौजांची मोहीम) वाचतोय. फ्रान्समधल्या ब्ल्वाचा काउंट स्टीफन वाटेतल्या अँटिओक शहराचा वेढा सोडून गेला. पुढे 1135 मध्ये ब्ल्वाचाच स्टीफन इंग्लंडच्या गादीवर बसला. माणूस एकच? वंशवेल मांडायला घेतली तर जिकडेतिकडे मटिल्डा!

वंशवेल:
नाही, बापलेक आहेत. वंशवेल मात्र बापाकडून नको, आईकडून मांडा. आई अडेला ही 1066 मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमची मुलगी. म्हणजे राजा हेन्री पहिला हा धाकट्या स्टीफनचा मामा, आणि गादीवरचा दावा आला तो या आजोळाकडून.

आता मटिल्डा. हेन्रीची मुलगी, सम्राज्ञी मटिल्डा, ही स्टीफनची मामेबहीण. गादीसाठी तो लढला तो हिच्याशी. बुलोनची मटिल्डा त्याची बायको. सख्खी बहीणही मटिल्डाच. 25 नोव्हेंबर 1120 ला 'व्हाइट शिप' जहाज बुडालं, त्यात ती नवऱ्यासकट गेली. प्रत्येकीपुढे बापाचं नाव लिहा: हेन्री, युस्टेस, स्टीफन.

दुसरी चूक होते ती आकड्यांत. राजा स्टीफनचा सर्वांत थोरला भाऊ विल्यम, त्याला डावलून ब्ल्वाची गादी दुसऱ्या भावाला, तिबोला मिळाली. हा तिबो ब्ल्वात चौथा, पण शांपेनमध्ये दुसरा. सावत्र काका ह्यू 1125 मध्ये टेम्पलर (धर्मयोद्ध्यांच्या संघाचा सदस्य) झाला, तेव्हा शांपेन तिबोकडे आलं. दोन्ही आकडे लिहिले नाहीत तर आजोबा-नातू एकमेकांत मिसळतात, कारण आजोबाही तिबोच: ब्ल्वात तिसरे, शांपेनमध्ये पहिले.

शिलेदार:
थोरल्या स्टीफनला नुसतं 'पळपुटा' म्हणून सोडून देऊ नये. त्याने अडेलाला लिहिलेली पत्रं उरली आहेत. जून 1097 मध्ये निकियाहून तो लिहितो, अँटिओकने अडवलं नाही तर पाच आठवड्यांत जेरुसलेम गाठू. अँटिओकने अडवलंच, तेही आठ महिने. मार्च 1098 च्या पत्रात तो कळवतो की सरदारांनी त्याला सैन्याचा प्रमुख नेमलंय. आणि 2 जूनला तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी शहर धर्मयोद्ध्यांच्या हाती पडलं!

खरं नुकसान त्यानंतर झालं. मोसुलचा सुभेदार करबुगा याच्या फौजेने अँटिओकमधल्या धर्मयोद्ध्यांना घेरल्यावर, आता सगळं संपलं असं स्टीफनने फिलोमेलियन गावी बायझंटाइन सम्राट अलेक्सिओसला सांगितलं. मदतीला निघालेला सम्राट तिथूनच माघारी वळला. सम्राटाने आपल्याला वाऱ्यावर सोडलं, म्हणून जिंकलेली शहरं त्याला परत देण्याची शपथही सुटली, हा धर्मयुद्धातला एक सरदार बोहेमंड याचा युक्तिवाद याच माघारीवर उभा राहिला आणि अँटिओक त्याच्याकडेच राहिलं.

वंशवेल:
त्यात भर. अडेलाने त्याला घरी स्वस्थ बसू दिलं नाही. 1101 च्या मोहिमेत तो पुन्हा निघाला. 1102 च्या ईस्टरला जेरुसलेमला पोचून नवस फेडला, परतीच्या जहाजातही चढला. उलट्या वाऱ्याने जहाज याफाला परत आणलं, आणि मे महिन्यात जेरुसलेमचा राजा बाल्डविन याच्यासोबत तो रामल्याच्या लढाईत उतरला. बाल्डविन रात्री निसटला, स्टीफन मारला गेला.

तुमच्या वेलीत ही रेघ राहू देऊ नका: बुलोनची मटिल्डा या बाल्डविनची सख्खी पुतणी.