‘ग्रॅव्हिटी’ : नजरेला पूर्ण मार्क, पण त्या दोरीचं काय करू?

प्रश्न
परवा ‘ग्रॅव्हिटी’ (2013) पुन्हा पाहिला, तोच, अपघातानंतर अंतराळात अडकलेल्या दोन अंतराळवीरांचा सिनेमा. परीक्षण लिहायला बसले आणि घोडं अडलं. सुरुवातीचा अखंड शॉट दहा मिनिटांच्या वर चालतो, कट म्हणून सापडत नाही. जरा पुढे कॅमेरा सॅन्ड्रा बुलकच्या हेल्मेटच्या काचेतून अलगद आत शिरतो आणि तिच्या नजरेने बाहेर पाहायला लागतो, तेव्हा अजूनही पोटात गोळा येतो. संवाद मात्र बेतासबात. तिच्या मुलीच्या मृत्यूची कथा तर वरून चिकटवलेली.

पण खरी अडचण दोरीची. तिचा पाय सोयूझ या रशियन यानाच्या पॅराशूटच्या दोऱ्यांत अडकलाय, तिला बांधलेल्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला तिचा सहकारी, जॉर्ज क्लूनी. दोघंही थांबलेत. तरी तो हूक सोडतो आणि दूर जातो. अहो, त्याला ओढतंय कोण? परीक्षणात हे किती ताणावं?

प्रतिसाद 1
अजिबात ताणू नका. सात ऑस्कर मिळालेत, दिग्दर्शनाचं धरून. भौतिकशास्त्राचा पेपर तपासायला बसलात तर एकही विज्ञानपट पास व्हायचा नाही.

प्रतिसाद 2
पास-नापास राहू द्या, पण सगळ्या चुका एका मापाने मोजू नका. सिनेमात दोघं हबल या अंतराळ दुर्बिणीपासून अंतराळ स्थानकाकडे तरंगत जातात. पण हबल फिरते ती विषुववृत्ताशी 28.5 अंशांच्या कक्षेत, अंतराळ स्थानक 51.6 अंशांच्या. या कक्षेतून त्या कक्षेत जायचं तर वेगात सेकंदाला निदान 3 किलोमीटरचा बदल हवा. नासाच्या जुन्या उडत्या खुर्चीत, म्हणजे क्लूनीच्या पाठीवर आहे तसल्या यंत्रात, सेकंदाला जेमतेम 25 मीटरची ताकद होती. 2009 मध्ये ‘अटलांटिस’ हे अंतराळयान हबलच्या दुरुस्तीला गेलं तेव्हा ‘एन्डेव्हर’ हे दुसरं यान सुटकेसाठी दुसऱ्या उड्डाणतळावर उभं करून ठेवलं होतं, ते याचसाठी. काही बिघडलंच तर स्थानकाचा आसरा मिळणं शक्य नव्हतं.

तरीही ही चूक मी पोटात घालतो. ती नसती तर गोष्टच पहिल्या अर्ध्या तासात आटोपली असती. बुलकचे केस तरंगत नाहीत, तेही सोडा.

दोरीचं तसं नाही. तोवर सिनेमाने आपल्याला एकच नियम पढवलाय: एकदा धक्का बसला की कुणी अडवेपर्यंत थांबणं नाही, आणि थांबलात की हलणं नाही. ऐन मोक्याच्या क्षणी तो स्वतःचाच नियम मोडतो. बरं, उपाय हाताशी होता. दोघांना गोफणीसारखं गरगरत ठेवायचं. मग दोरीला खरा ताण आला असता, हूक सुटताच तो भिरकावला गेला असता, आणि संवादाचा शब्दही बदलावा लागला नसता. हे जरूर लिहा.

प्रतिसाद 3
दोरीवर दोन परिच्छेद खर्च करणार असाल तर प्रकाशावर तीन करा. छायालेखक लुबेझ्की आणि मंडळींनी आतून एलईडी लावलेली एक पेटी बनवली. नट जवळपास जागच्या जागी, भोवतीचा प्रकाश फिरतोय आणि कॅमेरा यंत्रमानवाच्या हातावर. म्हणून पृथ्वीचा निळा उजेड चेहऱ्यावरून सरकताना खोटा वाटत नाही. आवाजही ऐका: स्फोटाला धडाम नाही, जे काही पोचतं ते पात्राच्या हाताला लागलेल्या धातूतून.

धागाकर्ती
दोरी ठेवते, गोफणीसकट (तुमचं नाव घालून). केस उडवले. पण सोयूझमध्ये ती रडते तेव्हा अश्रू गालावरून सुटून कॅमेऱ्याकडे येतो, तो धरू की सोडू?

प्रतिसाद 2
खरं तर तो डोळ्यालाच चिकटून फुगत राहतो. ख्रिस हॅडफिल्ड या अंतराळवीराने 2013 मध्येच स्थानकात डोळ्यात पाणी टाकून दाखवलंय. पण त्या थेंबात तिचं उलटं प्रतिबिंब दिसतं ना, त्यासाठी मी सोडला असता.