विमानातला ओला संडास: दोष प्रवाशांचा की कंपन्यांचा?

रातराणी

गेल्या महिन्यात आईला अमेरिकेहून परत घेऊन आले. भावाकडे चार महिने राहिली होती. युरोपात विमान बदललं, तिथून मुंबईपर्यंतचा टप्पा नऊ तासांचा. आई ७४ वर्षांची, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. पाचव्या तासाला तिला बाथरूमला जायचं होतं. मी दार उघडलं आणि दारातच थांबले. सगळी जमीन ओली, त्यात कागदाचा लगदा झालेला. बेसिनच्या कडेला पाण्याची रिकामी बाटली. कमोडच्या सीटवर बुटांचे दोन ठसे, इतके स्पष्ट की तळव्याची नक्षी दिसत होती.

आईच्या पायात घरातली कापडी चप्पल. तिनं साडीचा काठ वर धरला, माझा दंड पकडला आणि म्हणाली, "राहू दे गं, उतरल्यावर जाईन." उतरायला चार तास होते. मग मीच हात पुसायच्या कागदांचा गठ्ठा घेऊन जमीन पुसली, सीट पुसली. दहा मिनिटं लागली. बाहेर रांग लागली होती, दोघांनी दार ठोठावलं. आई जाऊन आली, पण त्यानंतर मुंबई येईपर्यंत तिनं पाण्याचा घोट घेतला नाही. पुन्हा जावं लागू नये म्हणून.

माझं म्हणणं असं की हा दोष आपला, प्रवाशांचा आहे. तिकिटाचे पैसे मोजले म्हणजे मागून येणाऱ्या माणसाचा विचार करायचं काम संपलं, असं आपण धरून चालतो. ५ मार्च २०२५ ची गोष्ट आठवत असेल. शिकागोहून दिल्लीला निघालेलं एअर इंडियाचं विमान वाटेतून शिकागोला परत फिरवावं लागलं, कारण १२ पैकी ८ संडास तुंबले होते. नळ्यांमध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिंध्या आणि कपडे सापडल्याचं कंपनीनं नंतर जाहीर केलं. ते सगळं कुणाच्या तरी हातांनीच टाकलं होतं ना?

आणि फक्त संडासच नाही. पुढच्या रांगेतल्या जोडप्यानं वापरलेला डायपर गुंडाळून सीटच्या खिशात खोचला आणि तसाच ठेवून उतरले. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठात २०१४ साली विमानातल्या वस्तूंवर जंतू किती काळ टिकतात हे तपासलं होतं. औषधांना दाद न देणारा एक जंतू त्या खिशाच्या कापडावर १६८ तास जिवंत राहिला. म्हणजे सात दिवस. त्या सात दिवसांत त्या खिशात किती पोरं हात घालतील?

माळरान

ताई, तुमच्या आईंना त्रास झाला याचं मनापासून वाईट वाटलं. तरी तुमचं म्हणणं मला पटत नाही.

माझे वडील बीड जिल्ह्यातले शेतकरी. बहीण मस्कतला असते, तिच्या बाळंतपणाला आई-वडील पहिल्यांदा विमानात बसले. पट्टा कसा लावायचा, मास्क कुठून खाली येतो, दरवाजे कुठं, सगळं हात करून दाखवलं. संडास कसा वापरायचा हे कुणी दाखवलं नाही. आत पाट्या इंग्रजीत. बटण कुठंतरी भिंतीत. वडील दहा मिनिटं आत होते आणि घामाघूम होऊन बाहेर आले. काय झालं ते त्यांनी आईलासुद्धा सांगितलं नाही, मला दोन वर्षांनी सांगितलं.

ते बुटांचे ठसे पाहून तुम्हांला किळस आली, मला त्यात माझे वडील दिसले. वर उकिडवा बसणारा माणूस घाणेरडा नसतो. जिथं शंभर परकी माणसं बसून गेली तिथं उघडी मांडी टेकवायची नाही, हीच त्याची स्वच्छता. पाण्याचंही तेच. आयुष्यभर पाण्यानं धुतलेल्या माणसाला नुसत्या कागदावर स्वतःला स्वच्छ म्हणता येत नाही. म्हणून तो बाटली नेतो. आत पाण्याचा जेट नाही, मग नेणाऱ्यानं ते पाणी सांडू द्यायचं नाही तर काय करायचं?

स्वस्त कंपन्यांच्या ए-३२० विमानात १८० किंवा १८६ सीट असतात आणि संडास तीन. साठ माणसांमागे एक. साठ माणसांच्या घरात एक संडास असता तर तो कसा राहिला असता?

सह्यकडा

माळरान, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण अमेरिकेच्या विमानात बसलेले सगळे पहिल्यांदा बसलेले नसतात. मी कामासाठी वर्षातून सहा-सात वेळा जातो. लॅपटॉप उघडून बसलेले, अस्खलित इंग्रजी बोलणारे लोक बेसिनमध्ये चूळ भरून, केस टाकून, तसंच सोडून निघून जातात. त्यांना कुणी शिकवायचं? त्यांच्या घरी बेसिन असंच असतं का? हा न शिकलेल्यांचा प्रश्न नाही, मागच्याचा विचार न करणाऱ्यांचा आहे.

गॅलीतली

अकरा वर्षं केबिन क्रूमध्ये होते, आता सोडलं. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण आतली गोष्ट वेगळी आहे.

विमानात सफाई कामगार नसतो. आम्ही फेरी मारतो, कागद भरतो, सुगंधी फवारा मारतो, बेसिन पुसतो, फारच वाईट असेल तर हातमोजे घालून जमीनही पुसतो. पण त्याच हातांनी पुढच्या अर्ध्या तासात जेवणाचे ट्रे द्यायचे असतात. त्यामुळे दर वेळी जमीन घासणं होत नाही. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे दुसरं जेवण झाल्यापासून उतरायच्या घोषणेपर्यंत. सगळे एकदम उठतात.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. कचऱ्याची झडप. ती भिंतीत, बेसिनजवळ असते, दाबून आत ढकलावी लागते, घट्ट असते. आमच्या निम्म्या ज्येष्ठ प्रवाशांना ती सापडायची नाही. मग हातातला कागद, पॅड, डायपर कुठं टाकायचं? कमोडमध्ये किंवा जमिनीवर. मी कितीतरी आजींना दारात उभं राहून ती झडप दाखवली आहे. एका आजींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "पोरी, ही मला मघाशी सापडली असती तर."

बाटलीबद्दल रागावू नका, माळरान म्हणतात ते खरं आहे. आमच्याकडे मागितली तर आम्ही रिकामी बाटली किंवा कागदी पेला द्यायचो. फक्त वापरून झाल्यावर चार कागद घेऊन जमीन कोरडी करा. त्याला अर्धं मिनिट लागतं.

पाना_पक्कड

मी देखभालीच्या बाजूचा माणूस. विमान उतरल्यावर तुंबलेली नळी आम्ही उघडतो.

घरच्या संडासात बादलीभर पाणी ढकलून नेतं. विमानात पाणी ओंजळभरच असतं, ओढून नेते ती हवा. टाकीच्या बाजूला दाब कमी असतो, नळीतली झडप (कचऱ्याची नव्हे) क्षणभर उघडते आणि सगळं खेचलं जातं. साधारण १६,००० फुटांच्या वर तर पंपही लागत नाही, बाहेरच्या विरळ हवेमुळेच काम होतं. पण नळी जेमतेम दोन इंचांची आणि तिला वळणं असतात. ओला टिश्यू एका वळणावर अडकला की त्यावर दुसरा बसतो. एका नळीवर अनेक संडास जोडलेले असतात, त्यामुळे एकानं टाकलेल्या फडक्यानं चार संडास बंद पडू शकतात. शिकागोच्या विमानात आठ कसे तुंबले हे ज्यांना कळत नव्हतं, त्यांच्यासाठी सांगतो. मी स्वतः बाळाचं झबलं, चमचा आणि नायलॉनची पिशवी काढली आहे. हे अडाणीपणानं होत नाही. चमचा कमोडमध्ये चुकून जात नाही.

जमिनीवरच्या पाण्याचं सांगायचं तर, ते सांध्यांतून खाली झिरपतं. संडास आणि गॅली, म्हणजे विमानातलं स्वयंपाकघर, यांच्याखालच्या तुळयांना गंज लागणं हा आमच्या तपासणीतला नेहमीचा विषय. फरशी उचलल्यावर दिसतं ते.

पाणवठा

मग पाण्याची सोयच का देत नाहीत? जपानच्या एएनए कंपनीनं २०११ साली बोईंग ७८७ सेवेत आणलं, त्यात कोमट पाण्यानं धुणारा कमोड बसवला होता. म्हणजे आकाशात पाणी वापरता येतं, तंत्र आहे. जपानी प्रवाशाला घरी तशी सवय, म्हणून त्याच्या कंपनीनं ती सोय केली. भारतीय प्रवाशाला त्याहून जुनी सवय आहे. तरी त्याला बाटली लपवत न्यावी लागते आणि वर घाणेरडा हे नाव मिळतं. रातराणी, तुम्ही रागवायचं तर कंपन्यांवर रागवा. त्यांना आपल्या सवयी माहीत आहेत, खर्च करायचा नाही इतकंच.

पाना_पक्कड

पाणवठा, तंत्र आहे हे मान्य. पण पाण्याचं वजन असतं, लिटरला किलो. टाकीतलं पाणी हात धुवायला, चहाला आणि फ्लशला पुरवायचं असतं. जपानी कमोड मोजून पाणी सोडतो आणि ते भांड्यातच पडतं. हातातला जेट दिला तर पहिल्या दोन तासांत भिंतीसुद्धा ओल्या होतील. सोय हवी याला माझा पाठिंबा, पण जपानी पद्धतीची.

दुसरी_घंटा

संडासावरून गाडी पुढं नेतो, पण मला याचाही त्रास होतो: मोजे काढून समोरच्या सीटच्या हातावर पाय ठेवणं. बूट काढायला माझी हरकत नाही. तासन्‌तास बसून पाय सुजतात. पण अनवाणी पायानं त्या ओल्या संडासात जाऊन तोच पाय कुणाच्या कोपराशी?

वासाचंही तसंच. केबिनमधली हवा दर दोन-तीन मिनिटांनी बदलते, जाळीतून जंतू गाळले जातात, पण ती जाळी वास गाळत नाही. आणि आतला दाब आठ हजार फुटांपर्यंतच्या उंचीवर असावा तितका, म्हणजे कळसूबाईच्या शिखरावरच्याहूनही कमी. पोटातला वायू फुगतो. अशा वेळी लसणाची चटणी उघडू नये असं माझं मत.

सुगरण_नाशिक

चटणीवर आक्षेप आहे. मधुमेह असलेल्या सासऱ्यांसाठी मी दशमी आणि चटणी नेते, कारण विमानातलं जेवण कधी येईल याचा नेम नसतो. पाय आणि जेवण एका तराजूत घालू नका. झाकण लावून खाल्लं, हात पुसले, डबा बंद केला, संपलं. शेजारी विचारून उघडते मी.

सह्यकडा

माझी सूचना: दंड करा. हुज्जत घालणाऱ्यांना विमानबंदी होते, मग नळीत फडकं टाकणाऱ्याला का नाही?

गॅलीतली

दादा, सिद्ध कसं करणार? आत कॅमेरा नसतो आणि नसावाच. डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, २०१७ मध्ये विमानबंदीचे तीन स्तर ठरवले: शिवीगाळीला तीन महिन्यांपर्यंत, अंगावर हात टाकल्यास सहा महिन्यांपर्यंत, जिवाला धोका केल्यास किमान दोन वर्षं. ते नियम वागणुकीसाठी आहेत, समोर घडलेल्या. संडासात कोण आधी गेलं यावरून माणूस पकडायला लागलो तर बाटली नेणारे माळरान यांच्या वडिलांसारखेच सापडतील. चमचा टाकणारा सुटेल.

रातराणी

सगळं वाचलं. माळरान, ठशांबद्दल तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. मी तो माणूस बेफिकीर आहे असं धरलं होतं. माझे आजोबा कोकणात गोठ्यामागे जायचे, तेही असेच वर बसले असते. ते वाक्य मी मागे घेते. मात्र त्या सीटवर मागून येणाऱ्या माणसाला बसावं लागतं, म्हणून उतरताना ती पुसायला हवी, हे मी सोडणार नाही. आणि डायपरबद्दल तर एक शब्दही मागे घेणार नाही.

गॅलीतली म्हणतात ती झडप आईला माहीत नव्हती. नुकतंच विचारलं. जातानाच्या प्रवासात तिनं कागद हातात धरून सीटपर्यंत आणला होता आणि पर्समध्ये ठेवला होता. मला हे आज कळलं.

तिच्या भजनी मंडळात पाच बायका आहेत ज्यांची मुलं परदेशात आहेत. त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांत मराठीत एक पान लिहिते आहे. दाराची कडी कशी लावायची, कडी लावली की दिवा मोठा होतो, बटण कुठं असतं, झडप कुठं, बाटली क्रूकडे मागायला लाजायचं नाही, निघताना चार कागदांनी जमीन कोरडी करायची, चप्पल घालूनच जायचं. अजून काय घालू?

माळरान

मला पाठवा. बहिणीकडे जायला वडिलांचं विमान १८ तारखेला आहे, त्यांना वाचून दाखवतो. हे पान कंपनीनं तिकिटासोबत द्यायला हवं, मराठीत, तमिळमध्ये, पंजाबीत, हे माझं म्हणणं कायम आहे. तुमच्या पानानं त्यांचं काम माफ होत नाही.

गॅलीतली

आवाजाचं जरूर घाला. बटण दाबलं की जो धाडकन आवाज येतो त्यानं म्हातारी माणसं दचकतात, काहीतरी मोडलं असं वाटून पुन्हा बटणाला हात लावत नाहीत. आधी उभं राहायचं, झाकण खाली करायचं, मग दाबायचं. आवाज मोठा येणारच, तो तसाच असतो, असं लिहा.