अनुभव धागा: दोघांनीच पाहिलेलं ग्वाल्हेर

लष्करची सून:
आज महाराज बाड्याच्या चौकात भाजी घेत होते. एक नवं जोडपं, तिच्या हातात अजून चुडा, किल्ल्याची वाट विचारत होतं. म्हटलं, गाडी उरवाई गेटनं वर जाते, पण चढायला जमत असेल तर ग्वाल्हेर दरवाज्यातून पायी जा. घरी येईपर्यंत १९८९च आठवत राहिलं.

आमचा वाडा दौलतगंजात. घरात चौदा माणसं, दोघांना बोलायला जिन्याची पायरी तेवढी. एका रविवारी सासूबाईच म्हणाल्या, "जा, सूनबाईला किल्ला दाखवून आण." टेंपोनं गूजरी महालापर्यंत गेलो, पुढे पायी. हे गणिताचे मास्तर. चढावरच्या चतुर्भुज मंदिरात थांबून त्यांनी मला भिंतीवरचं शून्य दाखवलं. ८७६ सालचा लेख आहे. बागेची लांबी २७० हात, देवाला रोज ५० माळा, त्यातली शून्यं. मला फार कळलं नाही. पण लग्न झाल्यापासून ते माझ्याशी एवढं सलग बोलले ते त्या दिवशी पहिल्यांदा. मानमंदिर महालाच्या निळ्या फरशा नंतर बघितल्या, पण डोक्यात ते शून्यच होतं.

तुमचंही सांगा. गाईड नाही, घरचं कुणी नाही, दोघंच.

चिंचेचं पान:
आम्ही तानसेनाच्या समाधीला. हे गातात. तिथल्या चिंचेचं पान खाल्लं की गळा गोड होतो म्हणतात, यांनी चार खाल्ली. मी शेजारी सूफी संत महंमद घौसांच्या मकबऱ्यात बसले. बाहेर हजिरा भागातला गलका आणि आत जाळीतून फरशीवर पडलेलं ऊन. तासभर कुणी कुणाशी बोललं नाही, फार बरं वाटलं. कुकर झाला, येते.

पुण्याची पाहुणी:
डिसेंबरात येतोय आम्ही दोघं. माझे गुडघे दुखतात. किल्ला जमेल का?

लष्करची सून:
मग उरवाईनंच या. त्या चढावर कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती आहेत, तिथे रिक्षा थांबवा, घाई करू नका. फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधीही बघा.

कंपूवाले काका:
जयविलास राजवाड्याचा दरबार हॉल. झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची. छत पेलेल का हे बघायला आधी वर हत्ती चढवले होते, असं सांगतात. ही झुंबराखाली यायलाच तयार नव्हती. हात धरून नेली. गेल्या वर्षी ती गेली. परवा पाहुण्यांना दाखवायला गेलो तर मी दाराशीच थांबलो.

चिंचेचं पान:
काका, वाचून हात थांबला. या रविवारी घरी या जेवायला.

गोरखीजवळची:
आमचा हात दिवाळीच्या गर्दीत बाड्यावर सुटला होता. मोबाईल कुठले तेव्हा! मी पोस्ट ऑफिसच्या पायऱ्यांवर उभी, हे पाटणकर बाजारात शोधतायत. पाऊण तासानं आले ते बहादुराच्या लाडवांचा पुडा घेऊन. मी रडत होते आणि हे म्हणे, "तुला भूक लागली असेल ना."

सासरमुरार:
सास-बहू मंदिरात माझ्या सासूबाईही होत्या, मग माझं धाग्यात चालेल का? मूळ नाव सहस्रबाहू, हे त्यांनीच मला सांगितलं.

लष्करची सून:
चालेल गं, लिही सगळं.

पुण्याची पाहुणी:
गजक, ती तिळाची मिठाई, डिसेंबरात ताजी मिळते ना? किती दिवस टिकते?

गोरखीजवळची:
थंडीचीच ती. तिळाची घ्या, गुळाची. डबा घट्ट लावा, हवा लागली की मऊ पडते.

कंपूवाले काका:
रविवारी येतो. गजक मी आणतो.