यूएसडीटी आहेत, पण गॅसला ईथर कुठाय?
बोरिवलीच्या ताईंनी विचारलंय, क्रिप्टो वॉलेटमध्ये यूएसडीटी (डॉलरशी किंमत बांधलेलं डिजिटल टोकन) पडून असताना पाठवायला गेलं की ‘शिल्लक अपुरी’ का येतं. ताई, साध्या वॉलेटमध्ये पाठवण्याची फी यूएसडीटीतून कापली जात नाही. इथेरियम नेटवर्कवर ती (तिथे तिला गॅस म्हणतात) ईथर या तिथल्या नाण्यात लागते, ट्रॉन नेटवर्कवर टीआरएक्स या नाण्यात. खिशात सोनं असलं तरी लोकलच्या तिकिटाला पैसेच लागतात ना, तसंच. तेव्हा आधी नेटवर्क बघा, मग त्याच नेटवर्कचं नाणं मागवा, आणि जरा सढळ हाताने. साधा ईथर पाठवायला २१,००० एकक गॅस लागतो, यूएसडीटीसारख्या टोकनला बराच जास्त. वर व्यवहार फसला तरी जळलेला गॅस परत मिळत नाही (हे मला अजूनही पटत नाही!). कुणी ‘फी मी भरतो, तुमचे बारा शब्द पाठवा’ म्हणालं तर सरळ ब्लॉक करा, ते शब्द म्हणजे वॉलेटची किल्लीच.