नाइफमधला के कुठे गेला?

प्रश्न: मुलगी दुसरीत, मराठी माध्यम. इंग्रजी अक्षरं सुटी येतात पण शिपला स-हिप म्हणते आणि नाइफला क्नाइफ, रोज तेच, कसं शिकवू?

– अहो ताई, श येतोच ना तिला, मग एस-एचखाली एकच रेघ मारा, दोन अक्षरं एक आवाज, शिप, शॉप, फिश एवढंच आठवडाभर. टीएच मात्र सावकाश घ्या, थिनमध्ये (thin) एक आवाज आणि दिसमध्ये (this) दुसरा.

– सायलेंट अक्षरं, म्हणजे लिहायची पण उच्चारायची नाहीत ती, घोकून घेऊ नका प्लीज. जुन्या इंग्रजीत नाइफमधला हा के खरंच उच्चारायचे, पुढे आवाज गेला, स्पेलिंग राहिलं. माझ्या मुलाला हे सांगितलं तर गुडघ्याचा नी, नॉक, गाठवाला नॉट असे के असलेले शब्द स्वतःच शोधत बसला.

– आणि क्नाइफ म्हणाली तर रागावू नका, अक्षरं नीट बघतेय ती!