विक्रेता सापडत नसेल तर भरपाई प्लॅटफॉर्मने द्यावी की नाही?

त्रिमूर्तीनगरकर
माझं मत सरळ आहे: द्यावी. ज्याने पैसे घेतले, त्याला हात झटकता येऊ नयेत.

एप्रिलात आम्ही ऑनलाइन कुलर मागवला. थोड्याच दिवसांत मोटर जळाली, खोलीभर वास. अ‍ॅप उघडलं तर ‘परत करा’चं बटण करडं झालेलं आणि खाली एक ओळ, परतीची मुदत संपली. चॅटवर उत्तर आलं, विक्रेत्याशी बोला. विक्रेत्याचा फोन बंद, बिलावरचा पत्ता दुसऱ्या राज्यातला आणि तोही अर्धवट. नागपूरच्या उन्हाळ्यात घरात म्हातारी माणसं असताना हे काय असतं ते इथे कुणाला सांगायला नको. पैसे प्लॅटफॉर्मच्या खात्यात गेले, कमिशन त्यांनी कापलं, जाहिरात त्यांनी दाखवली, खोक्यावर पट्टीही त्यांच्याच नावाची. मग ‘आम्ही फक्त बाजारपेठ’ हे कसं चालेल?

जून २०२१ मध्ये केंद्राने ई-कॉमर्स नियमांच्या दुरुस्तीचा मसुदा काढला होता. विक्रेत्याच्या कसुरीमुळे ग्राहकाचं नुकसान झालं तर प्लॅटफॉर्मवरही जबाबदारी येईल, अशी तरतूद त्यात होती. तो मसुदाच राहिला. तो परत आणला पाहिजे.

इतवारीवाला
भाऊ, तुमचा त्रास खरा आहे, पण औषध चुकीचं सांगून राहिले. मी इतवारीत साड्या विकतो, ऑनलाइनही विकतो. लग्नात नेसलेली साडी परत येते, पदराला हळदीचा डाग, फॉलची शिवण उसवलेली, आणि कारण लिहिलेलं असतं ‘रंग वेगळा’. फोटो पाठवून भांडलो तरी पैसे माझ्याच खात्यातून कापले जातात. उद्या प्लॅटफॉर्मवर जबाबदारी टाकली तर तो स्वतःच्या खिशातून देईल असं वाटतं का? करारात एक कलम वाढवेल आणि माझ्याकडून वसूल करेल. फोन बंद करून पळालेल्याकडून काही मिळणार नाही. सापडतो तो इतवारीतला दुकानदार.

सिव्हिललाइन्स_वकील
दोघांनाही एक सांगतो. परतीची मुदत ही दुकानाची सोय आहे, तुमच्या हक्काची हद्द नाही. सदोष मालाची तक्रार ग्राहक आयोगात दोन वर्षांपर्यंत करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणखी एक मोठी गोष्ट केली: तुम्ही राहता तिथल्या आयोगात दाद मागता येते, विक्रेता देशात कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. तक्रार ऑनलाइन करता येते, त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा.

शिवाय २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितलं तर विक्रेत्याचा पूर्ण पत्ता, ईमेल, शाखा हे सगळं देणं प्लॅटफॉर्मला बंधनकारक आहे. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. किती जण हे लेखी मागतात? कायदा कमी नाही, वापर कमी आहे.

त्रिमूर्तीनगरकर
वकीलसाहेब, पत्ता मिळाला तरी त्या पत्त्यावर कुणी नसेल तर? आयोगाचा आदेश बजावायचा कुणावर? कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, मालाची तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारखाच पडत राहतात. काही हजारांच्या कुलरसाठी नोकरदार माणूस किती रजा टाकेल? हे गणित कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे.

धरमपेठ_अर्थ
मी विरोधात. युरोपात ऑनलाइन वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करता येते, त्याचं कौतुक सगळे करतात. पण त्या परतीचा खर्च शेवटी किमतीतच येतो. जबाबदारी वाढली की प्लॅटफॉर्म मोठेच विक्रेते ठेवेल, विदर्भातले लहान विणकर, कारागीर बाहेर पडतील. त्यापेक्षा फसवणूक जिथे सुरू होते तिथे मारा. २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या अ‍ॅपच्या युक्त्या, ठरवलेत: खोटी घाई, न मागता टोपलीत टाकलेली वस्तू, शेवटच्या पानावर वाढणारी किंमत. त्यावर दंड करा.

सिव्हिललाइन्स_वकील
दंडही झालेत. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) मानकात न बसणारे प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल मोठ्या प्लॅटफॉर्मांना प्रत्येकी १ लाख रुपये दंड केला आणि माल परत घेऊन पैसे द्यायला सांगितले. म्हणजे ‘फक्त बाजारपेठ’ ही ढाल तिथे चालली नाही.

त्रिमूर्तीनगरकर
एवढ्या मोठ्या कंपन्यांना १ लाख म्हणजे काहीच नाही. पण पैसे परत देण्याचा आदेश महत्त्वाचा. मी तेच मागतोय.

मानेवाडा_ताई
तुम्ही देशातलंच बोलताय. माझ्या भाचीने मोबाइलवरच्या जाहिरातीतून परदेशी साइटवर बूट घेतले. आलं काय, तर रबराची चप्पल. साइट काही दिवसांनी गायब. २०२० चे नियम भारतीय ग्राहकांना पद्धतशीर माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत म्हणे. कागदावर असतील. नागपूरच्या आयोगाचा आदेश तिकडे कोण मानणार? आम्ही बँकेकडे कार्डाचा व्यवहार उलटवण्याचा अर्ज केला, तेव्हा पैसे आले. यूपीआयने दिले असते तर काय झालं असतं माहीत नाही. ज्याने जाहिरात दाखवून पैसे कमावले, त्याला कुणीच विचारत नाही. जबाबदारी त्याच्यापासून सुरू करा.

इतवारीवाला
ताईंचं पटलं. त्रिमूर्तीनगरकर, तुमच्या मागणीत माझी एक अट घाला, मग मी तुमच्या बाजूने. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, पत्ता, बँक खातं खरं असेल आणि तो उत्तर देत असेल, तर आधी त्याचं म्हणणं ऐका, परत आलेला माल त्याच्यासमोर तपासा. तो सापडतच नसेल किंवा देशाबाहेर असेल, तर पूर्ण पैसे प्लॅटफॉर्मने भरावे, कारण अशा विक्रेत्याला दारात उभं प्लॅटफॉर्मनेच केलं.

त्रिमूर्तीनगरकर
मान्य. पण तपासणीला मुदत हवी, आणि तोवर ग्राहकाचे पैसे अडकायला नकोत.

इतवारीवाला
आणि माझे अडकलेले चालतील काय? दोघांचेही प्लॅटफॉर्मने वेगळ्या खात्यात ठेवावे, निकाल लागेपर्यंत.